एक फ्लॅट, तीन पिढ्या आणि एजंटचा मोबाइल

मागच्या वर्षी पुण्याच्या कर्वेनगरमधला एक रिसेल टू बीएचके माझ्याकडे विकायला आला. १९९८ची बिल्डिंग, तिसरा मजला, कार्पेट ६४० स्क्वेअर फूट, लिफ्ट नाही; पाणी मात्र कॉर्पोरेशनचं आणि भरपूर. मालक निवृत्त जोडपं. गुडघे बोलायला लागले म्हणून त्यांना लिफ्टच्या बिल्डिंगमध्ये जायचं होतं. मी नेहमीसारखे पाच फोटो काढले, त्यातला एक बाथरूमचा, तोही अंधारा. मग पोर्टल, फेसबुक आणि अकरा व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एकच मजकूर टाकून मोकळी झाले: 'प्राइम लोकेशन, वास्तुप्रमाणे, अर्जंट सेल, कॉल फॉर प्राइस.' तीन आठवड्यांत सतरा फोन आले. त्यातले नऊ एजंटांचेच होते.

रविवारी भाचा जेवायला आला. तो डिजिटल जाहिरातींचंच काम करतो. त्याला ती पोस्ट दाखवली. आमटीत बुडवलेला पोळीचा तुकडा हातात तसाच धरून तो म्हणाला, "मावशी, हे तू कोणासाठी लिहिलंयस?"

"ज्याला फ्लॅट हवाय त्याच्यासाठी."

"तो कोण? वय काय त्याचं? आत्ता राहतो कुठे?"

मला सांगता येईना. पंधरा वर्षं या धंद्यात आहे, समोर बसलेली पार्टी घेणार की नुसती चहा पिऊन जाणार हे मला दहा मिनिटांत कळतं. पण मोबाइलच्या पलीकडे कोण बसलंय याचा विचारच केला नव्हता. त्यानंतर भाच्याला छळून आणि स्वतःचे पैसे घालवून जे समजलं ते इथे लिहितेय. माझ्यासारख्या एक-दोन माणसांच्या एजन्सीला उपयोगी पडावं एवढाच हेतू आहे. मोठ्या बिल्डरांकडे त्यासाठी वेगळी माणसं असतात.

जन्मसाल नको, घराचा हिशोब बघा

मार्केटिंगच्या क्लासात पहिल्या दिवशी एक तक्ता दाखवतात. बेबी बूमर, जेन एक्स, मिलेनियल, जेन झी. १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेले मिलेनियल, पुढचे जेन झी, वगैरे. हा तक्ता अमेरिकेचा आहे. दुसरं महायुद्ध संपल्यावर तिकडे मुलांचा जन्मदर एकदम वाढला, म्हणून १९४६ ते १९६४ची मंडळी 'बूमर'. आपल्या जनाकाकांना बूमर म्हटलं तर ते आधी अर्थ विचारतील आणि मग चिडतील.

पुण्यात घरांच्या पिढ्या वेगळ्याच हिशोबाने पडल्या आहेत. १९६१ला पानशेत फुटलं तेव्हा नदीकाठच्या पेठांतून बाहेर पडून सहकारनगर, गोखलेनगरकडे गेलेली कुटुंबं, ही एक. कोथरूड-कर्वेनगरला सोसायट्या उभ्या राहिल्या तेव्हा बँकेचं किंवा एलआयसीचं कर्ज काढून वन बीएचके घेतलेले पगारदार, ही दुसरी. आणि हिंजवडीत आयटी पार्क आल्यावर लातूर, सांगली, नागपूर, इंदूरहून नोकरीसाठी आलेले, ही तिसरी. पहिल्या पिढीला घर म्हणजे डोक्यावरचं छप्पर, दुसरीला आयुष्यभराची कमाई, तिसरीला हप्ता.

म्हणून मी वय विचारण्याआधी तीन गोष्टी विचारते. माणूस आत्ता कुठल्या घरात राहतो? पैसा कुठून येणार, पगारातून, जुनं घर विकून की गावची जमीन विकून? आणि घरात 'नको' म्हणायचा अधिकार कोणाला आहे? चौतीस वर्षांचा एक मुलगा रावेतला भाड्याने राहतो, दुसरा सदाशिव पेठेत वडिलांच्या घरात. फेसबुकच्या लेखी दोघं सारखेच. माझ्या लेखी त्यांची गाठसुद्धा पडू नये इतके वेगळे.

पेपरवाला आणि फेसबुक

पूर्वी आपण पॅम्फ्लेट छापून पहाटे पेपरवाल्याला द्यायचो: या गल्लीतल्या या सोसायट्यांत टाक. फेसबुक आणि इन्स्टाग्रामची जाहिरात म्हणजे तोच पेपरवाला, फक्त याला घराघरातलं बरंच माहीत असतं. कोणाचं वय काय, कोण कुठल्या भागात वावरतो, कोणी कालचं पॅम्फ्लेट उलटून बघितलं, कोणी तसंच रद्दीत टाकलं. तुम्ही नकाशावर टाचणी टोचून भोवतीचे किती किलोमीटर ते सांगता, वय सांगता, रोजचा खर्च सांगता. पुढचं तो पाहतो. आणि जे लोक थांबून बघतात, त्यांच्यासारखे आणखी शोधत जातो.

यात दोन खड्डे आहेत, दोन्हींत मी पडले.

पहिला खड्डा लीड फॉर्मचा. जाहिरातीखाली बटण असतं, ते दाबलं की नाव आणि नंबर आपोआप भरलेला फॉर्म उघडतो, आणखी एकदा दाबलं की फॉर्म तुमच्याकडे. सहा हजार रुपयांत मला लांबलचक यादी मिळाली. हरखून गेले. फोन लावायला बसले तर एकेक जण म्हणतोय, "कुठला फॉर्म? मी नाही भरला." ते खोटं बोलत नव्हते. अंगठा लागला, फॉर्म गेला. आणि मी यंत्राला 'स्वस्तात फॉर्म आण' असं सांगितल्यामुळे त्याने बरोबर तसलेच अंगठे शोधून काढले होते. आता फॉर्ममध्ये दोन प्रश्न असे घालते की उत्तर स्वतः टाइप करावं लागतं: बजेट किती, आणि घर कधीपर्यंत हवंय. नावं एकदम कमी झाली. पण आता फोन केला की माणूस निदान 'हो, मीच' म्हणतो.

दुसरा खड्डा वयाचा. फेसबुकला वय कळतं ते माणसाने स्वतः भरलेल्या जन्मतारखेवरून. आपल्याकडे साठीच्या पुढच्या निम्म्या मंडळींचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी जी तारीख लिहिली तीच खरी झाली, आणि सालही गुरुजींचंच. शिवाय बाबांचं खातं मुलाने उघडून दिलेलं, त्यात त्याने पटकन हाताला आलं ते साल टाकलेलं. फेसबुकचा सगळ्यात वरचा कप्पा '६५+' असा एकच आहे, म्हणजे सहासष्ट वर्षांचा ट्रेकर आणि अठ्ठ्याऐंशीच्या आजी एकाच रांगेत. त्यात आता जाहिरात जास्तीत जास्त यंत्रावर सोपवायची पद्धत आली आहे. त्यात तुम्ही दिलेला वयोगट निव्वळ सूचना म्हणून घेतला जातो. थोडक्यात, वयाची चाळणी लावून निवांत बसता येत नाही. चाळणी जाहिरातीच्या मजकुरातच असावी लागते.

गुगलची गोष्ट वेगळी. फेसबुकवर माणूस मित्राच्या मुलाच्या बारशाचे फोटो बघत असतो आणि आपण मध्ये घुसतो. गुगलवर तो 'कर्वेनगर टू बीएचके रिसेल' असं स्वतः लिहून आलेला असतो. वय काहीही असो, तो घराच्याच कामाला निघालाय. वयस्कर लोक तर टाइपही करत नाहीत. माइकचं चिन्ह दाबून मराठीत बोलतात, 'कोथरूडमध्ये लिफ्ट असलेला फ्लॅट'. म्हणून मी आता पोर्टलवरच्या आणि गुगलच्या बिझनेस प्रोफाइलवरच्या मजकुरात दोन ओळी साध्या मराठीत टाकते.

पहिलं घर घेणारे

कर्वेनगरच्या फ्लॅटसाठी नवी जाहिरात करताना मी ठरवलं, ही वाकडला भाड्याने राहणाऱ्या तिशीतल्या जोडप्यासाठी. त्यांना काय छळत असतं? आपण समजतो, लोकेशन. लोकेशन नकाशावर दिसतंच. त्यांना छळत असतो तो प्रश्न असा की खिशात नक्की किती पैसे असले म्हणजे हे आपल्याला जमेल. आणि तो आकडा कोणी सांगत नाही. बिल्डरची जाहिरात म्हणते 'फक्त इतक्या लाखांपासून', एजंट म्हणतो 'कॉल करा'.

मी तो आकडाच रीलमध्ये मांडला. किंमत ८० लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे ३० लाखांवरच्या आणि ७५ लाखांपर्यंतच्या कर्जात बँक घराच्या किमतीच्या ८० टक्क्यांपर्यंतच देऊ शकते, म्हणजे ६४ लाख. उरले १६ लाख, ते स्वतःचे. पुणे महापालिका हद्दीत स्टॅम्प ड्युटी सगळं धरून ७ टक्के, म्हणजे ५ लाख ६० हजार. नोंदणी फी १ टक्का, पण कमाल ३० हजार, म्हणून ३० हजार. बेरीज २१ लाख ९० हजार. हेच घर बांधकाम चालू असलेल्या प्रकल्पात असतं तर त्यावर ५ टक्के जीएसटी, आणखी ४ लाख. रिसेलला तो नाही. खरेदी एकट्या पत्नीच्या नावावर केली तर स्टॅम्प ड्युटी १ टक्क्याने कमी, ८० हजार वाचले. नवऱ्याचं नाव जोडलं की ही सवलत जाते. साडेआठ टक्के व्याज आणि वीस वर्षं धरली तर हप्ता साधारण साडेपंचावन्न हजार. आणि शेवटी माझं ब्रोकरेज किती, तेही लिहिलं. ते लिहिताना हात जरा अडखळला, पण लिहिलं.

पन्नास सेकंदांची रील. पहिल्या तीन सेकंदांत पडद्यावर मोठ्या अक्षरांत '८० लाखांच्या घराला खिशात किती हवेत?' एवढंच. हॉल-किचन त्यानंतर. या वयाचे लोक अंगठ्याने पडदा वर सरकवत असतात. तो अंगठा थांबवायला आपल्या ऑफिसचं नाव आणि फिरणारा लोगो कामाचा नाही.

दुसरी गोष्ट, यांना लपवाछपवी लगेच कळते. हिंजवडीजवळचा फ्लॅट दाखवताना मी आता सकाळी नऊ वाजताची भूमकर चौकातली गाड्यांची कोंडी तशीच दाखवते. उंड्री-वाघोलीकडचा असेल तर उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्यामुळे मेंटेनन्स किती जातो ते सांगते. मेट्रो तीनचं स्टेशन जवळ येणार असेल तर 'येणार' म्हणते, तारीख सांगत नाही. बाकीच्या एजंटांना वाटतं मी गिऱ्हाईक घालवते. जे जातात ते साइट व्हिजिटनंतर गेलेच असते. माझं पेट्रोल वाचतं.

भाड्याने राहणाऱ्या विशी-पंचविशीतल्यांबद्दल फार लिहीत नाही. त्यांना डिपॉझिट किती, वायफाय आहे का, आणि बॅचलर चालतील का, एवढं ठळक लिहिलं की पुरतं. शेवटचं उत्तर 'नाही' असेल तर ते घरमालकाशी आधी नीट बोलून घ्या. पोरं दोन बस बदलून घर बघायला येतात आणि दारात नकार ऐकतात, हे मला आता बघवत नाही.

रील मुलगी बघते, 'नको' आई म्हणते

त्या रीलचं काय झालं ते सांगते, कारण वयोगटांचा सगळा हिशोब तिथेच माझ्या डोक्यात पक्का झाला.

पाचव्या दिवशी फोन आला तो साताऱ्याहून. आवाज साठीपुढचा. "ते एक्याऐंशी लाखांचं घर तुमच्याकडेच आहे ना? आमच्या सूनबाईंनी पाठवलंय." सूनबाईंनी वाकडला बसून इन्स्टाग्रामवर रील बघितली, नवऱ्याला पाठवली, नवऱ्याने कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकली, आणि तिथून ती सासऱ्यांच्या हातात पडली. रीलमधला आवाज त्यांना नीट ऐकू आला नव्हता, अक्षरं पटापट पळत होती, म्हणून ८० लाखांचे ८१ झाले. पण फोन त्यांनी केला. मुलाने नाही, सुनेने नाही. कारण १६ लाखांतले ९ लाख त्यांचे जाणार होते.

त्यांचा पहिलाच प्रश्न, "सात-बारा क्लिअर आहे का?" मी हसले नाही. गावात जमीन घेतलेल्या माणसाचा तो बरोबर प्रश्न आहे. त्यांना सांगितलं, फ्लॅटला मूळ मालकाचा नोंदणीकृत करारनामा बघायचा, इंडेक्स टू, म्हणजे नोंदणी कार्यालयातला व्यवहाराचा उतारा बघायचा, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट आणि ना-हरकत पत्र बघायचं, जमिनीची मालकी कोणाच्या नावावर आहे ते बघायचं. "हे सगळं लिहून पाठवाल का? वाचता येईल असं."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की माझ्याकडे पाठवायला रीलशिवाय काहीच नाही.

आपल्याकडे फ्लॅट एकटा माणूस क्वचित घेतो. शोधणारा एक, पैसे घालणारा दुसरा, आणि मोडता घालणारा तिसरा. तिघांची वयं वेगळी, मोबाइल वेगळे, वाचायची पद्धतही वेगळी. म्हणून जाहिरात एका वयोगटासाठी करून भागत नाही. ती ज्याला आवडेल त्याने ती पुढच्या वयोगटाला पाठवायची असते, आणि पाठवता येईल असं काहीतरी त्याच्या हातात आपण ठेवायचं असतं. त्या रात्री मी त्याच फ्लॅटचं एक पानी पीडीएफ केलं. मराठीत, मोठी अक्षरं, पांढऱ्यावर काळी. वर किंमत, मग तोच खर्चाचा हिशोब, मग कागदपत्रांची यादी, कोणता कागद हातात आहे आणि कोणता यायचाय. खाली माझं नाव, ऑफिसचा पूर्ण पत्ता. बिल्डरांच्या ब्रोशरसारखं चाळीस एमबीचं नाही, साताऱ्याच्या घरात रेंजचा एक दांडा असताना उघडेल एवढं हलकं. आणि त्याबरोबर चाळीस सेकंदांचा व्हॉइस मेसेज, "नमस्कार काका..."

मुलाच्या आई नंतर आल्या, प्रत्यक्ष घर बघायला. त्यांचा प्रश्न होता की दूधवाला वर येतो का, आणि नातू शाळेतून आला की खाली कोण असतं. हा प्रश्न कुठल्याही मार्केटिंगच्या तक्त्यात मला सापडला नव्हता. आता माझ्या प्रत्येक पीडीएफमध्ये 'वॉचमन कधी असतो' ही ओळ असते.

व्हॉट्सअॅपचंच एक सांगते. अनेक एजंट ब्रॉडकास्ट लिस्ट करतात आणि म्हणतात उत्तर येत नाही. एका लिस्टमध्ये २५६ जण मावतात, पण मेसेज फक्त त्यांनाच पोहोचतो ज्यांनी तुमचा नंबर आपल्या फोनमध्ये सेव्ह केलाय. बाकीच्यांना तो जातच नाही. म्हणून भेट झाली की मी समोरच नंबर सेव्ह करून घेते, 'कर्वेनगर फ्लॅट मॅडम' अशा नावाने. माझं आडनाव त्यांना आठवणार नाही, कर्वेनगर आठवेल.

चाळिशीतले

या मंडळींना समजावायला फार लागत नाही. एक घर आहे, कर्ज निम्मं फिटलंय, मुलगी नववीत, तिला वेगळी खोली हवी. यांची अडचण एकच: आधी जुनं विकायचं की आधी नवं घ्यायचं. जुनं विकलं नाही तर पैसे नाहीत, विकलं तर राहायचं कुठे. यांच्यासाठी मी फेसबुकवर लिखित पोस्टच टाकते. ही पिढी अजून फेसबुकवर वाचते. तारखांचं वेळापत्रक मांडते, टोकन कधी, करारनामा कधी, ताबा कधी, मधल्या काळात भाड्याने किती दिवस. आणि एक गोष्ट, जी अनेक शिकलेल्या लोकांनाही माहीत नसते: ५० लाख किंवा त्याहून जास्त किमतीचं घर निवासी भारतीयाकडून घेताना खरेदीदाराने १ टक्का टीडीएस कापून सरकारजमा करायचा असतो. तो किमतीतूनच कापायचा, वर द्यायचा नाही. ही पोस्ट दर दोन-तीन महिन्यांनी कोणीतरी उकरून वर आणतं.

काठी कोणासाठी आहे हो?

ज्येष्ठांच्या बाबतीत मी सगळ्यात जास्त चुकले आणि सगळ्यात जास्त शिकले.

लिफ्ट असलेल्या एका सोसायटीतला तळमजल्यावरचा वन बीएचके होता. मी मोठ्या हौसेने जाहिरात केली: 'ज्येष्ठांसाठी खास', आणि चित्रात बाकावर बसलेले आजोबा, हातात काठी. दुसऱ्या दिवशी एका बाईंचा फोन. "तुमच्या चित्रातली काठी कोणासाठी आहे हो? मी एकाहत्तर वर्षांची आहे, आणि रोज पर्वती चढते." पुढची पाच मिनिटं त्या बोलत होत्या, मी ऐकत होते. घर त्यांना हवं होतं. 'ज्येष्ठ' नको होतं.

तेव्हापासून जाहिरातीत वय लिहीत नाही, घर लिहिते. गेटपासून लिफ्टपर्यंत पायऱ्या किती. लिफ्टचं दार किती रुंद, त्यात व्हीलचेअर किंवा स्ट्रेचर जातं का. वीज गेली तर लिफ्टला जनरेटर आहे का. बाथरूमचा उंबरठा किती इंच. दीनानाथ हॉस्पिटलला रिक्षाने किती मिनिटं. भाजीवाला, औषधांचं दुकान, बँक चालत आहे का. हे वाचून ज्याला गरज आहे तो आपला आपण ओळखतो, आणि कोणाला म्हातारं म्हटल्याचं पाप लागत नाही.

माध्यम विचाराल तर यूट्यूब. साठीपुढचे बरेच जण ते आता टीव्हीवर बघतात, संध्याकाळी, चहाबरोबर. म्हणून व्हिडिओ आडवा धरून काढायचा, कापाकापी न करता, दहा-बारा मिनिटांचा चालेल. मी गेटपासून चालायला लागते आणि प्रत्येक पायरी मोजत जाते. तरुणांना हे असह्य होईल. यांना हवं असतं ते हेच, कारण उगाच तीन मजले चढून बघायला जाणं त्यांना नको असतं.

पण ज्येष्ठ आपल्याकडे नुसते घेणारे नसतात. पेठा, कोथरूड, कर्वेनगर, सहकारनगर इथल्या रिसेलचे मालक तेच असतात. आणि विकणारा माणूस जाहिरात बघत नाही, एजंट बघतो. त्याचा पहिला प्रश्न, भाव किती येईल. दुसरा, जो तो मनात ठेवतो, टॅक्स किती जाईल. मी ओळखीच्या एका सीएंना शेजारी बसवून याच्यावर नऊ मिनिटांचा व्हिडिओ केला. २३ जुलै २०२४ला किंवा त्यानंतर विकलेल्या घराच्या दीर्घकालीन नफ्यावर १२.५ टक्के कर आहे, खरेदी किंमत महागाईच्या निर्देशांकाने न वाढवता. मात्र त्या तारखेआधी घेतलेल्या घराला, निवासी व्यक्ती असेल तर, जुन्या पद्धतीने निर्देशांक लावून २० टक्क्यांनी हिशोब करायची आणि कमी येईल तो कर भरायची मुभा आहे. १ एप्रिल २००१ आधीचं घर असेल तर खरेदी किमतीऐवजी त्या तारखेचा बाजारभाव धरता येतो. आणि नफ्याच्या पैशातून दोन वर्षांत दुसरं राहतं घर घेतलं तर तेवढ्यावर सूट. शेवटी सीए म्हणाले, "आपापल्या सल्लागाराला विचारल्याशिवाय सही करू नका," ते वाक्यही ठेवलं. या व्हिडिओने मला जितके मालक दिले तितके एकाही पैसे देऊन केलेल्या जाहिरातीने दिले नाहीत.

मालकांच्या मागे बहुतेक वेळा एक मुलगा किंवा मुलगी असते, परदेशात. बाबा म्हणतात, "माझं ठीक आहे, पण एकदा मुलीशी बोला." मुलगी कॅलिफोर्नियात. तिने तोपर्यंत माझं नाव गुगलवर टाकून रिव्ह्यू वाचलेले असतात, वाईट असतील ते आधी. म्हणून रिव्ह्यू ही माझ्या मते ज्येष्ठांसाठीची जाहिरातच आहे, फक्त ती त्यांच्या वतीने दुसरं कोणीतरी वाचतं. व्हिडिओ कॉल रात्री साडेनऊला ठेवते. तिकडे उन्हाळ्यात सकाळचे नऊ वाजलेले असतात, हिवाळ्यात आठ. स्वतः मालकांना मात्र दुपारी एक ते चार फोन करायचा नाही. यात विनोद काही नाही, करून बघा.

आणखी एक. सायबर फसवणुकीच्या बातम्यांनी ही मंडळी धास्तावलेली आहेत, आणि धास्तावलेलीच बरी. त्यामुळे लिंक पाठवू नका, 'हे अॅप डाउनलोड करा' म्हणू नका, व्हॉट्सअॅपवर आधार कार्डाचा फोटो मागू नका. टोकन चेकने घ्या. ऑफिसला बोलवा किंवा घरी जा.

कायद्याचं थोडं

एजंट म्हणून प्रकल्पातली घरं विकायची तर महारेराची, म्हणजे राज्याच्या रिअल इस्टेट नियामकाची नोंदणी लागते; महाराष्ट्रात हे १ मे २०१७ पासून लागू आहे, आणि आता त्यासाठी प्रशिक्षण आणि परीक्षाही आहे. प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक तर हवाच, १ ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही सक्तीचा झाला; नसेल तर ५० हजारांपर्यंत दंड. रील म्हणजे जाहिरात नव्हे असं समजणारे बरेच आहेत. रीलही जाहिरातच. आणि क्षेत्रफळ लिहायचं ते कार्पेट, म्हणजे बाहेरच्या भिंती आणि बाल्कनी वगळून, आतल्या भिंती धरून. 'सेलेबल ९५०', म्हणजे जिना-लॉबीचा वाटा धरून फुगवलेला आकडा, लिहिलं की तिशीतला माणूस पुढे सरकतो आणि साठीतला भांडायला येतो.

विकत मिळणाऱ्या याद्यांवर फोन आणि मेसेज मारायचा मोह होतो. डीएनडीत, म्हणजे 'जाहिरातीचे फोन नकोत' अशा यादीत नाव असलेल्याला साध्या दहा आकडी नंबरवरून जाहिरातीचा फोन करणं ट्राय या दूरसंचार नियामकाच्या नियमांत बसत नाही, तक्रार १९०९ वर जाते आणि तुमचा नंबर बंद होऊ शकतो. एजंटचा नंबर बंद पडला म्हणजे दुकानाचं शटर पडलं.

जाता जाता, अमेरिकेत घरांच्या जाहिरातींना वयाची चाळणीच लावता येत नाही. तिथल्या नागरी हक्क संघटनांनी खटले भरले, त्यात २०१९ साली तडजोड झाली आणि फेसबुकने घर, नोकरी आणि कर्जाच्या जाहिरातींतून वय, लिंग आणि पिनकोड निवडायची सोय काढून टाकली. विशिष्ट लोकांना घर दिसूच नये म्हणून ती वापरली जात होती, हा आक्षेप होता. भाच्याने हे सांगितलं तेव्हा मला आपल्या 'फॅमिली ओन्ली' पाट्या आठवल्या.

कर्वेनगरचा फ्लॅट साताऱ्याच्या सूनबाईंनी घेतला, एकटीच्या नावावर, ८० हजारांसाठी. व्यवहार झाला त्याच दिवशी पोर्टलवरून जाहिरात काढली. विकलेलं घर गळाला लावून दुसरंच दाखवायचं, हा प्रकार आमच्या धंद्यात सर्रास चालतो आणि मला त्याची चीड आहे. रील काढायला मात्र जीव झाला नाही, तिच्यावर लाल अक्षरांत 'विकला गेला' लिहिलं. परवा तिच्याखाली कोणीतरी विचारलंय, "मॅडम, नेगोशिएबल आहे का?"